आईचं ऑपरेशन झालंय, बाहेर बसलोय. कोणी जागं आहे का?

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री १:१०

परळला आहे, टाटात. आईचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आज झालं. सकाळी साडेआठला आत नेलं ते संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर बाहेर आणलं. आत्ता ती रिकव्हरीत आहे, मला आत सोडत नाहीत (बरोबरच आहे, सोडूही नये) पण हाक आली की लगेच हजर पाहिजे म्हणून इथेच बसायचं. फोन ३४ टक्के, शेजारचे काका पेपर अंथरून कधीच घोरायला लागले, मला काही झोप येत नाही म्हणून धागा काढला.

आई ६३ वर्षांची, गाव पाटण तालुक्यात. डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा होता, तो दीड वर्ष "दात लागतोय" म्हणत अंगावर काढला. मग तिखट सोसेना, मग तोंड उघडेना, दोन बोटं जेमतेम जातील एवढंच. आज गालाचा तेवढा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, डाव्या हाताची कातडी काढून गालात बसवली. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी आणि नाकातून जेवणाची नळी. डॉक्टर बाहेर येऊन पाच मिनिटं सगळं नीट समजावून बोलले, मी सारखी मान हलवत होतो, आणि ते गेल्यावर लक्षात आलं की मला त्यातलं "चांगलं झालं" एवढंच ऐकू आलंय.

कोणाच्या घरी झालंय का असं? हाताची कातडी गालात जगते कशी? आणि स्कॅनमध्ये मानेत काहीच नव्हतं तर मान का उघडली, हे विचारायचं राहूनच गेलं. उद्या विचारेन, पण उद्यापर्यंत काय करू.

निशिगंधा_सिस्टर | मंगळवार, रात्री १:३५

दादा जागी आहे, नाइटला आहे. टाटात नाही, नाशिककडे सर्जिकल वॉर्डला. ब्रेकमध्ये लिहितेय म्हणून तुकड्यातुकड्यात.

त्या कातडीला फ्लॅप म्हणतात. नुसती कातडी नसते ती, तिची शीर आणि रोहिणी सोबत काढतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात, केसाहून बारीक धाग्याने. तुमचे बरेच तास त्यात गेले असतील. आता पहिले दोन-तीन दिवस सगळं लक्ष त्या फ्लॅपवर. तासातासाला कोणीतरी येऊन टॉर्च मारून रंग बघणार, गरम आहे का बघणार, सुई टोचून थेंब बघणार. लालभडक थेंब आला की आम्ही खूश. काळपट निळा आला तर रक्त आत येतंय पण परत फिरत नाहीये, आणि पांढराफटक पडला तर येतच नाहीये. तसं झालं तर परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. नेलं म्हणजे संपलं असं समजू नका, वेळेत नेलं तर बऱ्याचदा वाचतो. हे घाबरवायला नाही सांगत, रात्री तीनला अचानक धावपळ दिसली तर तुमचे पाय गळू नयेत म्हणून सांगतेय.

पाणी प्या. बाहेर बसलेले नातेवाईक पाणी पीत नाहीत आणि चक्कर येऊन आमच्याच डोक्याला ताप होतो.

भर_दुपार | मंगळवार, रात्री १:५२

जागा आहे. वडिलांच्या वेळी (आतड्याचं होतं, दुसरं शहर, दुसरं हॉस्पिटल, नाव नको) रात्री अडीचला माइकवर "अमुक पेशंटचे नातेवाईक" असा पुकारा झाला. मी चार जिने कसा चढलो मला आठवत नाही, चप्पल कुठेतरी सुटली. वर गेलो तर रक्ताच्या फॉर्मवर सही राहिली होती. सही केली, खाली आलो आणि चप्पल शोधत बसलो. अजून स्टेशनवर माइक खरखरला की पोटात गोळा येतो.

फोन आधी चार्ज करा. वॉर्डबॉयला विचारा, त्यांना सगळे प्लग माहीत असतात.

दूरदेशी | मंगळवार, रात्री २:२०

इथे डॅलसमध्ये दुपार आहे. माझे बाबा पुण्यात ऑपरेशनला गेले तेव्हा मी तिकडे पोचलोच नाही, भाऊ एकटा बाहेर बसला होता आणि मी दर वीस मिनिटांनी "काय म्हणाले?" विचारत होतो. शेवटी तो म्हणाला, अरे म्हणतील तेव्हा सांगतो ना, मला मुतायला तरी जाऊ दे. तेव्हा राग आला होता. तर नातेवाइकांचे फोन उचलू नका, ग्रुपवर दिवसातून एकदा मेसेज टाका, बास.

कोयनाकाठ | बुधवार, सकाळी ९:०५

सगळ्यांचे खूप आभार, रात्री तुमच्यामुळे निघाली. रात्री धावपळ झाली नाही. सकाळी दोन मिनिटं आत सोडलं. चेहरा भोपळ्यासारखा सुजलाय, मी आधी दुसऱ्याच बाईजवळ जाऊन उभा राहिलो होतो. हात हलवला तिने. थेंब लाल आहे म्हणाले.

काल रात्रीपासून एका काकांचे अकरा मिस्ड कॉल आहेत. दूरदेशी, तुमचं ऐकलं, ग्रुपवर टाकलं.

डॉ_कडुलिंब | बुधवार, सकाळी १०:४०

मी दातांचा डॉक्टर, कॅन्सरचा नाही, पण तोंडाचे कॅन्सर आधी आमच्याच खुर्चीत सापडतात म्हणून लिहितो. मान का उघडली? हा प्रश्न जगभर वादात होता. गाठी हाताला लागत नाहीत, स्कॅनमध्ये नाहीत, मग आत्ताच काढायच्या की दिसल्या तर काढायच्या? त्याचं उत्तर तुम्ही बसलाय त्याच हॉस्पिटलने दिलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास, २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सुरुवातीच्या स्टेजचे पेशंट होते. आधीच गाठी काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात, थांबून बघितलं त्यांच्यातले ६७.५ टक्के. म्हणजे स्वच्छ दिसणाऱ्या मानेतही बारीक पेशी बसलेल्या असू शकतात. आईंची मान उगाच उघडलेली नाही.

एक मात्र आहे, मानेच्या ऑपरेशननंतर खांदा जड होतो, हात डोक्यावर जात नाही. वेणी घालता येत नाही म्हणून बायका रडतात. फिजिओ सांगेल ते व्यायाम कंटाळा न करता करून घ्या.

सडेतोड | बुधवार, दुपारी १२:१५

स्पष्ट विचारतो, राग नको. तंबाखू होती का? कारण २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखा बंद झाला तरी लोक सुधरत नाहीत आणि मग भोगतात घरचे.

मुक्ता. | बुधवार, दुपारी १२:२१

सडेतोड, जरा वेळ बघून बोलत जा हो.

कोयनाकाठ | बुधवार, रात्री ११:३०

राहू द्या मुक्ताताई, उत्तर देतो, नाहीतरी दिवसभर तेच डोक्यात आहे.

मिश्री. आमच्याकडे बाई तंबाखू खाते असं कोणी म्हणत नाही, मिश्री लावते म्हणतात, जणू दंतमंजन. काळी तंबाखू आणायची, तव्यावर भाजायची, तो धूर घशात गेला की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग ती हाताने चुरून डबीत. पहाटे उठल्यावर बोटाने दातांना, मग दुपारी भांडी झाल्यावर, मग रानातून आल्यावर, आणि शेवटी झोपताना एक चिमूट गालात तशीच. डाव्या गालात. भूक मरते, पोट साफ होतं, सगळ्याच बायका लावायच्या, आजीपण.

आणि सडेतोड, ती तंबाखू बाजारातून कोण आणायचं? मी. सहावी-सातवीत होतो, सुट्ट्या पैशांची गोळी मिळायची म्हणून उड्या मारत जायचो. भोगतात घरचे म्हणालात ते बरोबरच आहे, फक्त आणून देणारेही घरचेच असतात.

बायोप्सीनंतर तिने सोडली, निदान आम्हाला तसं सांगितलं. सोमवारी रात्री, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सिस्टर म्हणाल्या अंगावरचं सगळं काढून द्या. मंगळसूत्र तिने रुमालात बांधून दिलं. मग इकडेतिकडे बघून कनवटीतून ती पत्र्याची डबी काढली आणि माझ्या हातात कोंबली, म्हणाली जपून ठेव, टाकू नको. मी इतका चिडलो. दोन महिने दवाखान्याच्या चकरा मारतोय आणि ही कनवटीला डबी लावून फिरतेय. काही बोललो नाही, पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन म्हणून बोललो नाही एवढंच.

निशिगंधा_सिस्टर | गुरुवार, सकाळी ६:५०

दादा, चाळीस वर्षांची सवय दोन महिन्यांत जात नाही. आमच्याकडे पेशंट गाऊनच्या नाडीत पुडी बांधून आलेले आहेत. रागावू नका पण डबी परत देऊही नका.

सडेतोड | गुरुवार, सकाळी ८:१०

माझे शब्द चुकले. माझी आजीही लावायची.

कोयनाकाठ | शुक्रवार, सायंकाळी ७:००

वॉर्डात आणलं. पास एकच असल्यामुळे मी आणि बायको पाळीपाळीने. नळीतून जेवण द्यायला सिस्टरनी शिकवलं, ५० मिलीची सिरिंज, डाळीचं पाणी दुहेरी गाळून, आधी साधं पाणी, नंतर साधं पाणी, डोकं उंच, आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. पहिल्यांदा माझा हात इतका थरथरला की अर्धी डाळ चादरीवर. जखमेतलं पाणी नळीने बाहेर काढतात त्याला ड्रेन म्हणतात, त्याच्या डब्यातलं पाणी मोजून लिहायचं. आमच्याकडे वहीच केलीय, एका पानावर ड्रेन, दुसऱ्यावर डाळ. गावी म्हशीच्या दुधाची वही असते तशी.

गळ्यात नळी म्हणून आवाज नाही. लहान मुलांची ती जादूची पाटी आणली, खालची पट्टी ओढली की पुसलं जातं. आई चौथी शिकलेली. पहिलं वाक्य लिहायला पाच मिनिटं घेतली, मी डोळे पुसून तयार, वाचतो तर "हि बाजुची लइ घोरती". बाजूच्या आजी बिहारच्या आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही हे नशीब.

आप्पा_जळगाव | शुक्रवार, रात्री ८:३०

ह्या ह्या. आजी बऱ्या होणार, लिहून घ्या.

आमचं २०१९ ला मिसेसचं टाटातच झालं (ब्रेस्ट). माहिती कोणाला कामाची पडेल म्हणून. राहायला आम्ही दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत होतो, तिथे अर्धा भारत भेटला, आसामचा एक पोरगा मला रोज चहा आणून द्यायचा, भाषा एक शब्द समजत नव्हती. परळमधेच नाना पालकर स्मृती समिती पण आहे. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारायचं, लाजायचं नाही. आणि रेल्वे! ट्रीटमेंटसाठी जायला-यायला कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलमधून फॉर्म भरून घ्यावा लागतो. आम्ही चार फेऱ्या पूर्ण पैसे भरून केल्या आणि मग कळलं.

बाहेर फुटपाथवर कुटुंबंच्या कुटुंबं राहतात ते बघून मिसेस म्हणायची, आपल्याला धर्मशाळेची कॉट आहे, आपण गप्प बसावं.

निसर्गमित्र_७२ | शुक्रवार, रात्री ९:०५

सर नळी आहेच तर गव्हांकुराचा रस, हळद आणि गोमूत्र अर्क सुरू करा. माझ्या ओळखीत एकाची गाठ विरघळली. ऑपरेशन करायलाच नको होतं खरं तर.

निशिगंधा_सिस्टर | शुक्रवार, रात्री ९:२२

कृपा करून नळीतून वॉर्डात सांगितल्याशिवाय काहीही घालू नका. हळदीचा चोथा बसला की नळी चोक होते, ती बदलायला परत नाकातून घालावी लागते, आणि ते तुमच्या ओळखीतल्या माणसाला नाही, या माउलीला सोसावं लागतं. आणि ऑपरेशन झालेल्या घराला "करायलाच नको होतं" म्हणणं, हे काय बोलणं झालं?

कोयनाकाठ | रविवार, रात्री १०:१५

पाऊस काय लागलाय. हिंदमाताला गुडघाभर पाणी, बायको डाळ-भाताचं पाणी थर्मासात घेऊन निघाली ती दादरहून चालत, साडी कमरेपर्यंत भिजलेली, थर्मास डोक्यावर. आईने पाटीवर लिहिलं "येडी". प्रेमाने असावं.

आज एक झालं. दुपारी आईने पाटी मागितली आणि लिहिलं "डबी". माझं डोकंच फिरलं. ती पुढे काही लिहीत होती, मी पट्टी ओढून पुसून टाकली आणि बोलायला लागलो, एवढं सगळं होऊन तुला अजून तेच पाहिजे का, गाल गेला तरी कळत नाही का. आख्खा वॉर्ड बघत होता. ती नुसती बघत राहिली. मग मी म्हणालो टाकली, कचऱ्यात टाकली डबी. (टाकली नाहीये. पिशवीतच आहे, का माहीत नाही.) तेव्हापासून पाटी हातात घेत नाहीये. भिंतीकडे तोंड. डाळ घेतली, औषध घेतलं, पाटी नाही.

मुक्ता. | रविवार, रात्री १०:४०

खरंच टाकून द्या ती डबी आता. पण तुम्हीही माणूस आहात हो, पाच रात्री झोपलेला नाहीत.

भर_दुपार | रविवार, रात्री ११:०२

माझे वडील रुसले की पाय ओढून घ्यायचे. आम्ही पाय चेपायला गेलो की पाय आत. दोन दिवसांनी आपोआप बाहेर आले.

दूरदेशी | सोमवार, पहाटे ४:४५

बायोप्सीचा मोठा रिपोर्ट कधी येणारे?

डॉ_कडुलिंब | सोमवार, सकाळी ९:३०

काढलेल्या भागाचा असतो तो, साधारण दोन आठवडे धरून चला. त्यात कॅन्सरच्या भोवती चांगल्या भागाची कड किती मिळालीय बघायचं, ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर उत्तम. मग गाठ किती खोल गेली होती आणि मानेतल्या किती गाठींत सापडलं. त्यावर रेडिएशन द्यायचं की नाही ठरतं. द्यायचं झालं तर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आसपास सुरू व्हायला हवं, म्हणून रिपोर्ट आल्यावर "थोडी ताकद येऊ दे, गावी जाऊन येऊ" करत बसू नका. आणि त्याआधी दातांची तपासणी, खराब दात रेडिएशनच्या आधीच काढतात.

कोयनाकाठ | बुधवार, दुपारी ३:२०

काल गळ्यातल्या नळीला बूच लावून ठेवलं होतं, बघायला की नाकातोंडाने श्वास जमतोय का. रात्रभर जमला. आज सकाळी नळी काढली, भोकावर पट्टी. डॉक्टर म्हणाले पट्टीवर बोट दाबून बोला बघू. आई बोललीच नाही. डॉक्टर म्हणाले होतं असं, सवय होईल, आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

ते गेल्यावर तिने गळ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून, आवाज असा की डबड्यातून आल्यासारखा, गालात ती हाताची कातडी त्यामुळे अर्धे शब्द सांडतात, पण नीट कळलं मला.

"डबी टाकली म्हंतोस, मग राच्याला पिशवीत काय वाजतंय?"

मी गप्प. पिशवी तिच्या उशाखालीच असते आणि मी रात्री चार्जर शोधायला सतरा वेळा उचकतो. मुकाट्याने डबी काढून दिली. तिला झाकण एका हाताने उघडेना, डाव्या हाताला पट्टी आहे, तर मला म्हणाली उघड. उघडली. मिश्री नव्हती. घासून धुतलेली डबी, तळाशी कापूस, आणि कापसात तिची जोडवी. सोमवारी सिस्टर म्हणाल्या सगळं काढा, तेव्हा मंगळसूत्र माझ्या लक्षात आलं, जोडवी आलीच नाहीत. ती रविवारी लिहीत होती ते "डबीत जोडवी हाइत" असं होतं म्हणे, मी पहिल्याच शब्दाला पुसलं.

आत्ता पायात घालून बसलीय. बोटं सुजलीत म्हणून डावीकडचं जात नव्हतं, बायकोने खोबरेल लावून बसवलं.

सडेतोड | बुधवार, दुपारी ३:४१

ऑफिसात आहे. बाथरूममध्ये जाऊन आलो.

निशिगंधा_सिस्टर | बुधवार, दुपारी ४:३०

परत देऊ नका म्हणणारी मीच. आजींना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की आजपासून पेशंटचे दागिने काढताना मी पायापण बघणार.

सातवीण | बुधवार, रात्री ९:५०

नवीन आहे, पूर्ण धागा आत्ता एका दमात वाचला. माझ्या नवऱ्याचं जिभेचं ऑपरेशन शुक्रवारी आहे, इथेच, त्यालाही गळ्याला नळी टाकणार म्हणालेत. ती जादूची पाटी कुठे मिळाली? आणि तुमचं काम झालं असेल तर...

कोयनाकाठ | बुधवार, रात्री १०:१०

ताई, आईला विचारलं. देत नाही म्हणाली, नातीसाठी ठेवलीय. परळ स्टेशनकडे जाताना डाव्या हाताला खेळण्यांचा ठेला लागतो, ऐंशी सांगतो, साठला देतो. दोन घ्या, एक तुमच्यासाठी, रात्री वॉर्डात बोलता येत नाही तेव्हा. शुक्रवारी मी इथेच आहे, रिपोर्ट यायचाय अजून. निळी पिशवी, खुळखुळणारी नाही आता.